मोपा ते लिस्बन: हवाई अंतर किती, वेळ किती आणि हिशेब कुठे चुकतो

गोव्याहून लिस्बन किती लांब, असे चारचौघांत विचारून बघा. एकजण आठ हजार तीनशे किलोमीटर म्हणेल, दुसरा अकरा तास, तिसरा तिकिटाकडे बघून तेरा तास पाच मिनिटे, आणि मडगावच्या घरातून निघून तिथल्या घरात बॅग टेकवलेला माणूस वीस तासांच्या फारसा खाली यायचा नाही. चौघांचेही बरोबर असते. पहिल्याने पृथ्वीच्या पाठीवरचे सर्वांत जवळचे अंतर सांगितले, दुसऱ्याने कुठेही न थांबता उडायला लागेल तो वेळ, तिसऱ्याने मधल्या थांब्यासकटचा प्रवास, चौथ्याने दारापासून दारापर्यंतचे सगळे. एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी वापरला की घोळ होतो. खाली मोपा ते लिस्बन ही एकच जोडी घेऊन हिशेब शेवटपर्यंत केला आहे. तुम्हाला लंडनला, टोरंटोला किंवा नुसते मस्कतला जायचे असले तरी रीत तीच, आकडे तेवढे बदलायचे.

आधी विमानतळ नक्की करा

'गोवा' म्हणजे आता एक विमानतळ नव्हे, दोन. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. दाबोळी हा नौदलाचा तळ, प्रवासी विमाने तिथे पाहुण्यासारखी. मोपा म्हणजे पेडणे तालुक्यातला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. दोघांमध्ये सरळ रेषेत ३९ किलोमीटर आहेत. लिस्बनच्या अंतरात त्याने वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक पडतो, म्हणजे विमानाला दोन मिनिटेही नाहीत. पण रस्त्याने जाणाऱ्याला साठाच्या वर किलोमीटर आणि मध्ये झुआरी, मांडवी दोन्ही नद्या. तिकिटांच्या साइटवर नुसते 'गोवा' टाकले की दोन्हीकडची विमाने एकाच यादीत येतात, म्हणून कोड वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

पलीकडच्या टोकालाही हेच बघायचे. लिस्बनला प्रवासी विमानतळ एकच, कोड एलआयएस, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. लंडनला मात्र हीथ्रो आणि गॅटविक यांच्यात सरळ रेषेतच ४० किलोमीटर आहेत. मुंबईला सहारचा जुना विमानतळ आहेच, शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचाही सुरू झाला आहे. मोपाहून नवी मुंबईला उतरायचे आणि पुढचे विमान सहारहून, असे तिकीट स्वस्त दिसते. मधल्या टॅक्सीचे भाडे आणि घाम त्यात धरलेला नसतो.

अंतर काढायची रीत

लागतात चार आकडे: दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश. नकाशाच्या अॅपमध्ये धावपट्टीवर बोट दाबून धरले की ते दिसतात. दशांशातले घ्या, दोन स्थळे पुरेत, कारण शतांश अंश म्हणजे साधारण एक किलोमीटर. मोपा १५.७३ उत्तर, ७३.८७ पूर्व. लिस्बन ३८.७७ उत्तर, ९.१३ पश्चिम. पश्चिम रेखांश नेहमी उणे लिहायचा, म्हणून उणे ९.१३. दोन रेखांशांतला फरक झाला ८३.०० अंश.

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा करा म्हणजे साइन-कोसाइनची बटणे दिसतील, आणि तो अंशांवर आहे याची खात्री करा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.१६९७६. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.०९१४६. दोन्हींची बेरीज ०.२६१२२. या बेरजेचा उलटा कोसाइन (बटणावर cos⁻¹) घेतला की कोन मिळतो, ७४.८६ अंश. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा: ८,३२४ किलोमीटर. सागरी मैल हवे असतील तर १.८५२ ने भागा, साधे मैल हवे तर १.६०९ ने.

पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे ६,३५७. आपण सगळीकडे ६,३७१ धरली आहे. त्यामुळे उत्तर फार तर अर्धा टक्का इकडेतिकडे होते. वैमानिकाने इंधनाचा हिशेब याच्यावर करू नये, पण तिकीट काढणाऱ्याला हे उत्तर गरजेपेक्षा अचूक आहे.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, उणे चिन्ह विसरणे. लिस्बनचा रेखांश अधिक ९.१३ टाकला तर उत्तर येते साधारण ६,७४५ किलोमीटर, कारण तुम्ही लिस्बन उचलून सार्डिनियाच्या दक्षिणेला समुद्रात नेऊन ठेवलेले असते. दुसरी, अंश आणि मिनिटे यांची गल्लत. १५ अंश ४४ मिनिटे म्हणजे १५.४४ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचे, मग १५.७३ येतात. न भागता १५.४४ लिहिलेत तर मोपाचा विमानतळ पेडण्यातून निघून पणजीच्याही दक्षिणेला जातो. तिसरी चूक स्प्रेडशीटवाल्यांची. तिथली साइन आणि कोसाइनची फंक्शने अंश घेत नाहीत, रेडियन (कोनाचे दुसरे माप) घेतात. प्रत्येक अंशाचे आधी रेडियन करून घ्यायचे, आणि शेवटी उलट्या कोसाइनचे जे उत्तर येईल ते १११.२ ने नव्हे, ६,३७१ ने गुणायचे. ही चूक सापडायला अवघड, कारण उत्तर काहीही आले तरी ते शून्य ते २०,०१५ च्या मधलेच येते आणि बघायला खरे वाटते. म्हणून आधी एक माहीत असलेली जोडी करून बघा: मोपा ते मुंबई साधारण ३८८ किलोमीटर, मोपा ते दिल्ली साधारण १,४६४. ही उत्तरे आली तर सूत्र बरोबर बसले आहे.

सूत्राचा कंटाळा असेल तर पोरांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल खाली उतरवा. बारा इंची गोलावर, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर व्यासाच्या, एक सेंटिमीटर म्हणजे ४१८ किलोमीटर. शिवणकामाचा दोरा एका बोटाने गोव्यावर धरा, दुसरे टोक लिस्बनवर, आणि ताणून घट्ट करा. दोरा आपोआप सर्वांत आखूड वाटेवर सरकतो. चिमटीत पकडून पट्टीवर ठेवा: वीस सेंटिमीटरला केसभर कमी. आता तोच दोरा जरा वाकून बघा, कुठून गेला आहे? दुबईला जवळजवळ चाटून, इराकवरून, सिरियाच्या वाळवंटातून, मग भूमध्य समुद्र. आमच्या चार आकड्यांवरून या वाटेचा बरोबर मधला बिंदू काढला तर तो येतो ३४.४ उत्तर, ३७.७ पूर्व, म्हणजे सिरियातल्या पाल्मिराच्या प्राचीन अवशेषांपासून साठेक किलोमीटरवर.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच रेघ पट्टीने मारली तर ती कितीतरी खालून जाते. तेवढ्याच रेखांशावर ती सौदी अरेबियात, अल-उलाच्या आसपास सापडेल. दिसायला ती सरळ, पण लांबीला साधारण ८,५१० किलोमीटर, म्हणजे १९० किलोमीटरचा वळसा. विमानातल्या समोरच्या पडद्यावर वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसते ती यामुळेच. वाकडा असतो तो नकाशा.

विमान त्या दोऱ्यावरून जात नाही

८,३२४ हा किमान आकडा. प्रत्यक्षात विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते, उडताना आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेने वळते, आणि कुणाचे आकाश बंद असेल तर फेरा घेते. सरळमार्गी दिवसांत ३ ते ५ टक्के जास्त धरा. पश्चिम आशियात गडबड असेल तर १० टक्केही कमी पडतात. आत्ताच पाहिलेली वाट सिरिया-इराकवरून जाते हे लक्षात घ्या. त्या भागातून जायचे की वळसा घालायचा हे प्रत्येक कंपनी आपले आपण ठरवते, आणि परिस्थितीप्रमाणे बदलतेही.

उत्तर भारतातून युरोपला जाणाऱ्यांना पाकिस्तानचे आकाश फार जाचते. २०१९ मध्ये बालाकोटनंतर ते फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होते. पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते बंद झाले आणि मग बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. गोव्याहून आखाताकडे जाणारे विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे वळते, त्यामुळे आपल्याला त्याची झळ कमी. पण गोवा-लंडन सरळ जाणाऱ्याला हा फेरा पडतो: ७,५७० किलोमीटरच्या आसपासचे अंतर, सर्वांत जवळची वाट इराण-पाकिस्तानच्या बाजूने, आणि ती मोडली की तासाच्या हिशेबात फरक. रशियाचे आकाश २०२२ पासून युरोपीय कंपन्यांना बंद आहे, पण ते जपान-कोरियाकडे जाणाऱ्यांचे दुखणे, आपले नव्हे.

यात नवीन काही नाही म्हणा. १९६१ च्या आधी दाबोळीहून पोर्तुगीज इंडियाची हवाई कंपनी लिस्बनची विमाने कराचीमार्गे सोडायची. तेव्हा भारताचे आकाश टाळायचे होते, आता पाकिस्तानचे.

कुठल्या मार्गाने किती जास्त? थांब्याचे शहर मध्ये घालून दोन तुकडे वेगळे मोजा आणि बेरीज करा. मोपा-दुबई २,१९५ आणि दुबई-लिस्बन ६,१३८, मिळून ८,३३३: सरळ वाटेपेक्षा फक्त ९ किलोमीटर जास्त. दोहामार्गे ८,३५७, म्हणजे ३३ जास्त. मोपाहून मुंबई गाठून तिथून थेट लिस्बनला उडता आले असते तर एकूण ८,४०५. मुंबई आणि फ्रँकफुर्ट असे दोन थांबे घेतले तर ८,८३२, म्हणजे पाचशे किलोमीटर जास्त, आणि तेही विमानाच्या वेगाने फक्त पस्तीस-चाळीस मिनिटे. दुबई लांब पडते की दोहा, यावर घरात वाद घालण्यात अर्थ नाही तो यासाठी. वेळ जातो तो थांब्यात. दोन तासांचा थांबा आणि नऊ तासांचा थांबा यांत सात तासांचा फरक आहे, आणि तो कुठल्याही अंतराच्या हिशेबात दिसत नाही.

किलोमीटरचे तास करताना

लांब पल्ल्याचे मोठे विमान हवेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जाते, मुंबई-दिल्लीला वापरतात ते लहान विमान ८३० च्या आसपास. वर चढायला आणि खाली यायला वेग कमी, म्हणून ठोकताळा असा: मोठ्या विमानाला सरळ अंतरात ५-६ टक्के मिळवून ८५० ने भागा आणि पस्तीस मिनिटे घाला. लहान विमानाला सरळ अंतर ८०० ने भागा आणि तीस-चाळीस मिनिटे घाला. दुबई-लिस्बन: ६,१३८ मध्ये ५ टक्के मिळवले की ६,४४५, भागिले ८५०, सात तास पस्तीस, अधिक पस्तीस मिनिटे, म्हणजे सव्वाआठाला पाच कमी. मोपा-दुबई सव्वातीन तास. न थांबणारे विमान असते तर लिस्बन अकरा तासांचे झाले असते.

मोपा-मुंबईला हा ठोकताळा एक तास देतो, तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहून जास्त दिसतो. तिकिटावरची वेळ ही विमान फाटकावरून हलल्यापासून पलीकडच्या फाटकाला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, मुंबईवर घिरट्या घालणे आले, आणि उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता यावे म्हणून कंपनीने ठेवलेली थोडी गादीही आली. तेव्हा पल्ला लहान असला की तिकिटातला मोठा भाग प्रत्यक्ष उडण्याचा नसतोच.

जाताना आणि येताना वेळ सारखा लागत नाही. उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ९०० चे ८५० होतात, पाठीमागून आला तर ९५०. आठ हजार तीनशे किलोमीटरवर हा फरक तासाभराचा. म्हणून लिस्बनहून येणारे तिकीट जाणाऱ्यापेक्षा अर्धा ते एक तास कमी दाखवते. थंडीत उत्तर भारत आणि आखाताच्या वरच्या पट्ट्यातला जेट प्रवाह ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो, तेव्हा फरक आणखी. पावसाळ्यात मात्र गंमत होते. तो प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि आपल्या द्वीपकल्पावर खूप उंचावर वारा उलटा, पूर्वेकडून वाहू लागतो. त्यामुळे जुलैत मोपाहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाला सुरुवातीला पाठीमागून थोडा हात मिळतो. खाली पाऊस झोडपत असल्याने उतरणाऱ्याला मात्र त्याच महिन्यांत घिरट्या घालाव्या लागतात, आणि कधी कधी बंगळूर किंवा हैदराबाद बघून यावे लागते.

ठोकताळा नको, खरे काय घडते ते बघायचे असेल तर विमानाचा क्रमांक फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग ठेवणाऱ्या साइटवर टाका आणि मागच्या आठवड्याचे प्रत्यक्ष सुटणे-पोचणे बघा. सात दिवसांत पाच दिवस तेच विमान चाळीस मिनिटे उशिरा पोचत असेल, तर सव्वा तासाचे कनेक्शन, म्हणजे पुढचे विमान पकडायला तेवढाच वेळ, तुम्ही घेऊ नये.

घड्याळांचा हिशेब

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाच्या घड्याळाने लिहिलेली असते. म्हणून दोन वेळांची नुसती वजाबाकी चुकते.

खात्रीचा उपाय एकच: सगळ्या वेळा एका घड्याळावर आणा. आंतरराष्ट्रीय वेळ म्हणजे यूटीसी सोयीची. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, दुबईची चार, दोह्याची तीन. लिस्बन आणि लंडन थंडीत तिच्याबरोबर, उन्हाळ्यात एक तास पुढे.

समजा तिकीट असे आहे. आकडे समजण्यासाठी रचलेले, हे वेळापत्रक नव्हे. मोपा पहाटे ४:१५, दुबई ५:५५. दुबई ७:३५, लिस्बन दुपारी १२:५०. महिना मे. मोपाच्या ४:१५ मधून साडेपाच तास वजा केले की आदल्या रात्रीचे २२:४५ यूटीसी. दुबईच्या ५:५५ मधून चार वजा, १:५५. म्हणजे पहिले उड्डाण तीन तास दहा मिनिटांचे. दुबईतला थांबा तिथल्याच घड्याळाने मोजा, ५:५५ ते ७:३५, एक तास चाळीस. पुढे ७:३५ म्हणजे ३:३५ यूटीसी, लिस्बनचे १२:५० उन्हाळ्यात म्हणजे ११:५० यूटीसी, आठ तास पंधरा. तिन्हींची बेरीज तेरा तास पाच मिनिटे. पडताळा घ्या: नुसते तिकिटाकडे बघून ४:१५ ते १२:५० म्हणजे आठ तास पस्तीस, त्यात मे महिन्यातला गोवा-लिस्बन फरक साडेचार तास मिळवला की तेच तेरा तास पाच. दोन्ही रीतींनी उत्तर जुळले नाही तर कुठेतरी फरक उलटा धरला आहे.

पश्चिमेला जाताना फरक मिळवायचा, पूर्वेला येताना वजा करायचा. येतानाचे बघा: लिस्बनहून दुपारी २:१५ ला निघालात, दुबईला रात्री १२:४५, तिथून २:५०, मोपा सकाळी ७:१५. घड्याळाने सतरा तास, त्यातून साडेचार गेले, साडेबारा तास. त्याच मार्गावर जाताना तेरा तास पाच, येताना साडेबारा, आणि येतानाचा थांबा पंचवीस मिनिटांनी मोठा असूनही.

आता तो साडेचार आणि साडेपाचचा घोळ. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. २०२६ मध्ये हे दिवस २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. उन्हाळ्यात लिस्बन-लंडनशी आपला फरक साडेचार तास, थंडीत साडेपाच. भारत, दुबई, दोहा यांची घड्याळे वर्षभर तीच. अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतो, २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. म्हणजे मधल्या तीन आठवड्यांत आणि मग एका आठवड्यात लंडन-टोरंटोमधला फरकही नेहमीचा नसतो. दसऱ्याला जाऊन दिवाळीनंतर परतणाऱ्यांनी जातानाचा फरक येताना वापरू नये. त्यातच विमान कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकेही मार्च आणि ऑक्टोबरच्या त्याच शेवटच्या रविवारांपासून बदलतात. चार महिने आधी काढलेल्या तिकिटाच्या वेळा तेव्हा सरकू शकतात.

कनेक्शन किती वेळाचे घ्यावे

एकाच पीएनआरवर सगळे तिकीट असेल तर कंपनी किमान वेळ राखूनच विकते, आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी तिची. आखातात यासाठी दीड तास चालतो, दोन तास बरे. दोन वेगळी तिकिटे जोडली असतील तर कुणाचीच जबाबदारी नसते. मुंबईत देशांतर्गत विमानातून उतरून, बॅग घेऊन, टर्मिनल बदलून परत चेक-इन आणि इमिग्रेशन करायचे असेल तर चार तासांपेक्षा कमी घेऊ नका. पावसाळ्यात सहा तास घेतलेत तर कुणी वेड्यात काढणार नाही.

इमिग्रेशन कुठे होणार हेही आधी बघा. मोपाहून थेट आखाताला जाणाऱ्याचा शिक्का मोपालाच होतो, मुंबईहून जाणाऱ्याचा मुंबईला. युरोपात दुबईहून सरळ लिस्बनला गेलात तर शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या सामाईक सीमेची, तपासणी लिस्बनला. फ्रँकफुर्टमार्गे गेलात तर ती फ्रँकफुर्टला, कारण तिथून लिस्बन हा त्यांच्या लेखी आतलाच प्रवास. सकाळी भारत, आखात, अमेरिका अशी तिन्हीकडची विमाने एकदम उतरतात आणि ती रांग तासाभराची होते. कागदावर एक तास वीस मिनिटांचे कनेक्शन चालेल असे दिसते, ते असे मोडते. परत येताना मुंबईला उतरलात तर बहुतेक वेळा बॅग तिथेच घेऊन कस्टममधून बाहेर काढावी लागते आणि मोपाच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते, तिच्यावर 'गोवा' असा टॅग असला तरी. सामान देताना काउंटरवर स्पष्ट विचारा.

घरापासून मोजा

मडगावहून मोपा साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर. रात्री दीड तास, दिवसा पर्वरी-म्हापशाच्या गर्दीत दोन. पणजीहून चाळिसेक किलोमीटर, तासाभराचे. कदंबाच्या बसेस आहेत, पण पहाटेच्या विमानासाठी त्यांच्या वेळा जुळत नसतील तर टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचे. बहुतेक कंपन्या काउंटर तासभर आधी बंद करतात, काही त्याहून आधी, आणि त्यानंतर कितीही गयावया केली तरी उपयोग नाही.

वरचेच तिकीट मडगावच्या घरातून धरू. रस्ता पावणेदोन तास, विमानतळावर तीन तास, प्रवास तेरा तास पाच, लिस्बनला इमिग्रेशन आणि बॅग सव्वा तास, मेट्रोने शहरात अर्धा तास. स्टेशन विमानतळालाच आहे. झाले एकोणीस तास पस्तीस मिनिटे. त्यातले हवेतले सव्वाअकरा-साडेअकरा, बाकीचे आठ तास रांगेत, रस्त्यावर आणि खुर्चीत. जेवण, औषधे, म्हाताऱ्या माणसांची व्हीलचेअर, फोनचे चार्जिंग हे सगळे एकोणीस तासांच्या हिशेबाने ठरवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी गोव्याचे घड्याळ कुठे सोडायचे आणि तिथले कुठे धरायचे हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. विमानात अर्धवट झोपेत हा हिशेब जमत नाही.

पहाटे ४:१५ च्या विमानासाठी पावणेपाच तास आधी म्हणजे रात्री साडेअकराला घर सोडायचे, आदल्या दिवशी. तिकिटावर १५ तारीख असेल तर टॅक्सीवाल्याला १४ सांगायचे. रात्री १२ ते ५ मधल्या विमानांत हीच चूक सर्वांत जास्त होते. १५ तारखेचे ००:४० चे विमान म्हटले की माणूस १५ च्या रात्री जेवून निघतो, आणि विमान तोपर्यंत जवळजवळ एक दिवस आधी गेलेले असते. पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत '+१' असेल तर ती पुढच्या तारखेची वेळ. घ्यायला येणाऱ्याला वेळेबरोबर तारीख आणि वारही कळवा. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी विमानाचा क्रमांक टाकून वेळ पुन्हा एकदा बघा, कारण बदल झाल्याचा मेसेज कंपनीने पाठवलेला असतो, पण तो ज्या एजंटाने तिकीट काढले त्याच्या ईमेलवर जातो.